शून्य तक्रारींची इमारत

३ फेब्रुवारी, सोमवार

खोली मिळाली. तिसरा मजला, जिन्याला लागून, टेबल एक आणि खुर्च्या दोन. ही या फेलोशिपचीच अट आहे. दोन वेगळ्या विषयांची डॉक्टरेट झालेली माणसं एका टेबलावर बसवायची, म्हणजे शहराचे प्रश्न सुटतात म्हणे. मी संख्याशास्त्राची, माझ्या वाट्याला समाजशास्त्र आलंय. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत, पिशवीत सदानकदा रेकॉर्डर. मी मनातल्या मनात तिचं नाव टेपवाली ठेवलं. तिने तोंडावरच माझं नाव आकडेबाई ठेवलं. फिटंफाट.

काम असं आहे. नगरपालिकेच्या वसाहतीत सेहेचाळीस उंच इमारती, सगळ्यांच्या लिफ्ट जुन्या. वर्षाला सहाच नव्या बसवता येतात. कुठल्या सहा, हे आजवर ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने ठरायचं. यंदापासून ते आमच्या यादीवर ठरेल. जुलैअखेर यादी द्यायची. ती पसंत पडली तर दुसरं वर्ष मिळेल. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखती, पुन्हा अनोळखी शहर. चौतीस वर्षांची झाले मी. बॅगा भरायचा मला आता खरोखर वीट आलाय.

शिवाय हे बाबाचं शहर. इतक्या वर्षांनी त्याच्याजवळ राहायला मिळतंय. दोन वर्षं तर प्रबंधापायी सुट्टीतसुद्धा आले नव्हते.

५ फेब्रुवारी, बुधवार

हितसंबंधांचा फॉर्म भरला. बाबा इमारत नऊमध्ये सातव्या मजल्यावर राहतो आणि ती इमारत आमच्या यादीत आहे, हे स्वच्छ लिहून दिलं. तिथल्या मुलाखती टेपवाली घेईल, मी नाही. खाली मी माझ्या मनाने एक ओळ वाढवली, की यादी जाईपर्यंत त्या इमारतीत पाऊलही ठेवणार नाही. फेलोशिपचे प्रमुख सर म्हणाले, "अहो, इतकं कोणी मागितलेलं नाही." म्हटलं, असू दे. उद्या कोणी बोट दाखवायला नको.

बाबाला फोनवर सांगितलं तर तो खूशच झाला. "शाब्बास! नियम म्हणजे नियम. तू नको येऊस, मी येतो ना खाली. बागेत भेटत जाऊ दर रविवारी." वाटलं होतं रुसेल. उलट त्याचा आवाज एकदम मोकळा झाला.

२३ फेब्रुवारी, रविवार

बागेतला तिसरा रविवार. आमच्याआधी बाकावर कोणी बसलं की बाबाला राग येतो, म्हणून तो अर्धा तास आधीच येऊन बसतो. आज गारठा होता तरी त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. म्हटलं, पळत आलास की काय? म्हणे, व्यायाम नको का म्हातारपणी?

माझ्या कामाबद्दल मात्र खोदून खोदून विचारतो. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं तपासली, आता मला तपासतो. यादीत नंबर कशावरून लागतो, तक्रारींना किती वजन. मी सांगितलं, तक्रारींनाच सगळ्यात जास्त. मग विचारलं, "तक्रार कोणी केली त्याचं नाव दिसतं का तुम्हाला?" म्हटलं, दिसतं की, नाव, मजला, सगळं. "आणि तुझं आडनाव दिसलं तर बाकीचे काय म्हणतील?" मी हसले. म्हटलं, माझी धिंड काढतील. तो हसला नाही. शेंगांची पुडी माझ्यापुढे सरकवली.

१४ मार्च, शुक्रवार

दर शुक्रवारी आमची अदलाबदल असते. आठवडाभर काय केलं ते एकीने दुसरीला, तिला कळेल अशा भाषेत सांगायचं. आज माझी पाळी होती. सांगितलं, गेल्या जुलैपासून यंदाच्या जूनपर्यंतच्या तक्रारी घेणार. त्याच्या आधीच्या हाताने लिहिलेल्या वह्या आहेत, पानं वाकडीतिकडी स्कॅन केलेली, एकेक अक्षर लावता लावता डोळे जातील. बारा महिने सुटसुटीत.

टेपवाली म्हणाली, "आणि जुलैच्या आधीच बंद पडलेल्या लिफ्टचं काय?"

"बंद असेल तर लोक जुलैतही तक्रार करतीलच ना. वर्षभर कोण गप्प बसेल?"

"बसतात गं."

तिच्याकडे असं काहीतरी मोघम नेहमी असतं. मी पुरावा मागितला तर म्हणाली, अजून नाही. मग विषय संपला.

१३ एप्रिल, रविवार

बाबा आला नाही. सर्दी. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. अख्खी दुपार मिळाली, तीन तक्ते झाले.

२७ एप्रिल, रविवार

आज गुडघा. मागच्या रविवारी टीव्हीवर कसलीशी मॅच होती. म्हटलं, डॉक्टरकडे जाऊन ये. म्हणाला, जातो जातो. मग आठवण करून दिली, "तू मात्र इकडे येऊ नकोस हं. सही केलीयेस." इतकी शिस्त मला शाळेत लावली असती तर मी कुठच्या कुठे गेले असते.

१८ मे, रविवार

आत्याचा फोन. चांगलीच तापली होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बाबा गेला नाही. फोनवर सर्दीचं कारण सांगितलं. "माझ्या सासूच्या आजारपणात रोज दोन बस बदलून येणारा माझा भाऊ, आणि आता सर्दी? तू जवळ राहतेस ना, मग करतेस काय?"

मी बाबाची बाजू घेतली. म्हटलं, वय झालंय, माणूस आळशी होतो. आणि माझ्या फॉर्मचं समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, "कसला मेला फॉर्म! बाप आहे तो तुझा." तिला नियम समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही. दिवसभर चिडचिड होत राहिली. बाबाला फोन केला तर ठणठणीत होता, खिडकीत बसून पेपर वाचत होता.

२० जून, शुक्रवार

टेपवालीच्या मुलाखतींना आकडे देण्याचं काम माझ्याकडे आलंय. ती नावं, इमारत, घरातल्यांचे तपशील बदलून कागद माझ्याकडे देते. मी प्रत्येकाला खूण करायची: तक्रार आहे, तक्रार नाही, लागू नाही. एकसष्ट मुलाखती, एकेक दहा पानी. लोक लिफ्टबद्दल विचारलं की सुनेबद्दल बोलतात.

चौदा नंबरच्या म्हाताऱ्यांनी मात्र माझं डोकं फिरवलं. वरच्या मजल्यावर एकटे राहतात. म्हणे, "आमचा मुलगा सरकारी कामात आहे. मी तक्रार केली तर त्याच्यावर बालंट यायचं. त्यापेक्षा बसलेलं बरं. खिडकीतून सगळं दिसतं. बस किती मिनिटं उशिरा आली ते मी ड्रायव्हरच्या आधी सांगतो." कसला हा मुलगा? एकदा येऊन बघू नये त्याने? पण माझं काम दया करायचं नाही. तक्रार केलेली नाही, कारण घरगुती. "लागू नाही" अशी खूण केली आणि पुढे गेले.

टेपवाली टेबलापलीकडून बघत होती. म्हणाली, "चौदा नंबर नीट वाचलीस?"

म्हटलं, वाचली.

"पुन्हा वाच."

मला शिकवू नकोस, असं मी जरा जास्तच जोरात बोलले.

४ जुलै, शुक्रवार

पहिला कच्चा आराखडा तयार! पाच महिन्यांनी आज जेवण चवीने जेवले. आमची इमारत नऊ अगदी तळाला, सेहेचाळीसावी. वर्षभरात एकही तक्रार नाही. शून्य! संध्याकाळी बाबाला फोन करून सांगितलं, तुमची इमारत शहरात सगळ्यात गुणी निघाली. त्याने पुन्हा एकदा आकडा विचारला. मग म्हणाला, "आमची माणसं समजूतदार आहेत." आणि विचारलं, "म्हणजे तुझं काम झालं ना नीट?" झालं म्हटल्यावर त्याला माझ्याहून जास्त आनंद झाला.

११ जुलै, शुक्रवार

अदलाबदलीत टेपवाली कामाचं बोललीच नाही. एकदम विचारलं, "घरी कधी गेली होतीस?" म्हटलं, इथे आल्यापासून एकदाही नाही, तुला माहीत आहे ना ते. म्हणाली, "तू रजा टाक. फेलो म्हणून नको, मुलगी म्हणून जाऊन ये." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "मी काही सांगू शकत नाही. मीही सही केलीये."

मला तिचा डाव कळला. यादीवर आता माझंच नाव मोठं होणार, म्हणून नियम मोडायला लावून मला खाली ओढायचं. दोघींच्या मधे मी फायलींची रास रचली आणि पलीकडचं तोंड दिसेनासं केलं. पोरकटपणा आहे, पण बरं वाटलं.

२१ जुलै, सोमवार

सर यादीवर बेहद्द खूश. सादरीकरणात त्यांना एक आदर्श इमारत हवीये. शून्य तक्रारींची. मी फॉर्मची आठवण केली. म्हणाले, "फोटो काढायला कसला आलाय हितसंबंध? लिफ्टसमोर चार रहिवासी उभे करा, हसरे." उद्या जाते. बाबाला कळवलेलं नाही. दार उघडल्यावर त्याचा चेहरा बघायचाय मला.

२२ जुलै, मंगळवार

आजच लिहिते, नाहीतर उद्या मीच खोटं म्हणेन.

इमारतीत शिरले तर लिफ्टच्या दारासमोर कपाट. जुनं लोखंडी कपाट, वर तीन कुंड्या, बाजूला कोणाची तरी सायकल. लहानपणी ज्या बटणासाठी मी भांडायचे ते बटणच दिसेना. एक बाई दोन पिशव्या घेऊन जिना चढायला लागल्या होत्या, चौथ्या मजल्यावर शिवणकाम करतात. त्यांना विचारलं, लिफ्ट?

"कुठली लिफ्ट?" त्या म्हणाल्या. मग हसल्या. "मागच्या मे महिन्यात गेली ती. दोन महिने रोज फोन केले. तुमची तक्रार नोंदलेली आहे, म्हणतात आणि ठेवून देतात. मग कोण करतंय? तुम्हाला कोणाकडे जायचंय?"

सातव्यावर, छापखानेवाल्यांकडे.

"मग ही पिशवी तेवढी नेता? माझे तीन मजले वाचतील. त्यांचंच आहे." दूध, पाव, अंडी, गुडघ्याला लावायचं मलम.

मोजत चढले, एकशे सव्वीस पायऱ्या. पाचव्यावर बसावं लागलं मला, आणि मी चौतीस वर्षांची.

बाबाने दार उघडलं. आधी आनंद दिसला, अगदी क्षणभर, आणि मग तो घाबरला. "तू इथे कशी? तुझा फॉर्म?" गालफडं बसली होती. दाढी वाढलेली. बागेत यायच्या त्याच्या काळ्या बुटांवर धुळीचा थर होता. मी लिफ्टचं विचारलं. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला, "परवाच बंद पडली. येतील दोन दिवसांत." हातात त्याच्या मलमाची पिशवी धरून मी उभी होते.

मग खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसला. विषय बदलायला म्हणाला, "तू उतरलीस ती बस मी बघितली. अकरा मिनिटं उशिरा होती."

बस. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. सरकारी कामातला मुलगा कोण ते कळलं. चौदा नंबरला, म्हणजे बाबाला, मी "लागू नाही" म्हटलं होतं.

स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. तो बाहेरून म्हणत होता, "अगं, चहा मी करतो. मला जमतं सगळं."

२३ जुलै, बुधवार

सकाळी टेपवालीवर तुटून पडले. तुला माहीत होतं! महिनाभर माहीत होतं!

"दीड महिना," ती म्हणाली. "दोनदा परत जाऊन परवानगी मागितली त्यांच्याकडे. मुलीला सांगू का? दोन्ही वेळा नाही म्हणाले. तू माझ्या जागी काय केलं असतंस?"

मी फॉर्मवर वाढवलेली ती ओळ आठवली. तिच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि वर अभिमान बाळगला असता. फायली उचलून जमिनीवर ठेवल्या. मग दोघींनी मिळून त्या वाकड्यातिकड्या वह्या उघडल्या. मे आणि जून, इमारत नऊ, एकशे चार तक्रारी. त्यातली एकही आमच्या आडनावाची नाही, आणि तेव्हा तर माझं इथलं काम ठरलंही नव्हतं.

२५ जुलै, शुक्रवार

जुन्या वह्या धरून पुन्हा गणित केलं. अशा तीन इमारती निघाल्या, लोक थकून गप्प झालेल्या. तिन्ही वर सरकल्या. पहिला नंबर इमारत नऊचा.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "चार दिवसांत सेहेचाळीसावरून एक? आणि तिथे तुमचे वडील? लोक काय म्हणतील याचा विचार केलात?" मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "यंदा जुनी यादी जाऊ द्या. दुसऱ्या वर्षी सुधारा. दुसरं वर्ष मिळालं तरच सुधाराल ना?"

वाईट माणूस नाहीत ते. त्यांचं म्हणणं मला पटतही होतं, हेच भयंकर आहे. माझंच नाव खराब झालं तर पुढे कुठे काम मिळणार? बाबाने इतके महिने ज्यासाठी काढले तेच मी उधळून टाकायचं? मी खाली बाकावर तासभर बसले. लिफ्टशिवाय चौदा महिने सातव्या मजल्यावर कसे जातात, त्याचा तक्ता मला काढता येईना.

२८ जुलै, सोमवार

लिफ्ट खात्याच्या अधिकारी बाईंना दोन्ही याद्या पाठवल्या. जुनी का चुकली तेही लिहिलं: बारा महिन्यांची मर्यादा मी माझ्या सोयीसाठी घातली होती. आणि शेवटी, पहिल्या नंबरच्या इमारतीत माझे वडील राहतात. टेपवालीने न विचारता खाली स्वतःचंही नाव टाकलं.

सर जिन्यात भेटले तर बाजूने निघून गेले. दुपारी कार्यालयातून पत्र: दुसऱ्या वर्षाचा निर्णय तूर्त स्थगित. तूर्त म्हणजे काय ते मला कळतं.

३१ जुलै, गुरुवार

बाईंचं उत्तर, रोखठोक. आपल्या पत्राने नंबर बदलता येणार नाही. इमारत नऊमधल्या वरच्या मजल्यांवरच्या दहा रहिवाशांचे भरलेले, सही केलेले फॉर्म सोमवारपर्यंत द्या. प्रत्येक फॉर्म दोघींच्या समक्ष.

लगेच निघालो दोघी. वर-खाली करून पोटऱ्या भरून आल्यात. आजच सहा झाले.

२ ऑगस्ट, शनिवार

नऊ झाले. सहाव्यावरच्या कुटुंबाला कुलूप, आठवा मजला आधीच रिकामा झालाय. उरला बाबा. टेपवालीला त्याने काल चहा पाजला आणि फॉर्म परत दिला. "मला काही त्रास नाही, ताई."

आज मी गेले, ती सोबत. म्हटलं, बाबा, लपवायचं आता काही राहिलेलं नाही. मी सगळं लिहून दिलंय, सगळ्यांना माहीत आहे. तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिकडे बघतच म्हणाला, "मग तू विचार. तसंच विचार, जसं बाकीच्यांना विचारतेस."

मी समोर स्टुलावर बसले. फॉर्मवर आहे तसंच वाचायला लागले. आपलं वय? एकाहत्तर. आपण कितव्या मजल्यावर राहता? सातव्या. बाबाला मी जन्मात कधी "आपण" म्हटलं नव्हतं. तो ताठ बसला. कॉलरचं बटण लावलं.

"गेल्या तीन महिन्यांत आपण किती वेळा खाली उतरलात?"

"एकदा निघालो होतो. बहिणीचं ऑपरेशन होतं. चौथ्यापर्यंत उतरलो, मग पाय उचलेना. तिथल्या बाईंनी खुर्ची दिली. परत वर यायला दोन तास लागले." मग मला म्हणाला, "लिहा, बाई."

टेपवाली लिहीत होती. माझ्याकडून लिहिणं होणार नाही हे तिला ठाऊक होतं.

तो बोलत गेला. औषधं संपली की गोळ्या अर्ध्या करतो. शेजारच्यांना किती वेळा सांगायचं, म्हणून दूध दिवसाआड मागवतो. आंघोळीनंतर दार लावत नाही, पडलो तर कोणाला तरी आत येता यावं. असं काही मला तो कधीच बोलला नसता. दर रविवारी फोनवर आम्ही अर्धा अर्धा तास बोलायचो.

शेवटचा प्रश्न. "आपल्या अडचणीची घरच्यांना कल्पना आहे का?"

"नाही. मुलगी आहे, याच शहरात. तिला सांगू नका."

"तिच्या कामावर बालंट येईल म्हणून?"

हे फॉर्मवर नव्हतं. मीच विचारलं. बाबाने मान हलवली, आधी होकारार्थी आणि मग नाही अशी.

"ते आहेच. पण तसं नाही अगदी. तिला माहीत नाही, म्हणून ती येत नाही. असं मला म्हणता येतं, बाई. माहीत झाल्यावरही आली नाही, तर मग मी काय म्हणायचं?"

या उत्तरासाठी फॉर्मवर चौकट नव्हती. टेपवालीने कागद आडवा केला आणि समासात ते जसंच्या तसं उतरवलं, मग बाबापुढे धरला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, एके ठिकाणी राहिलेला काना दिला आणि सही केली.